माहितीचे पुस्तक कसे वाचावे



तुम्हाला आता अक्षर ओळखता येते. सही करता येते. एसटीची पाटी वाचता येते. दिवसभर रानात राबून, रात्री चूल आवरून तुम्ही वर्गाला आलात आणि हे मिळवले. ही लहान गोष्ट नाही. म्हणून आज आम्ही पुढची गोष्ट बोलणार आहोत. वाचायला तर येऊ लागले. आता माहितीचे पुस्तक हाती आले, तर ते वाचायचे कसे?

आपल्या जळकोटासारख्या गावात वाचन म्हटले की पोथी डोळ्यांपुढे येते. श्रावण लागला की कुणाच्या घरी नवनाथांची पोथी लागते. सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण बसते. हातपाय धुऊन वाचायला बसतात. पहिल्या अध्यायापासून सुरू करतात, ते शेवटच्या ओवीपर्यंत जातात. मधे थांबत नाहीत. पोथीला कुणी उलटा प्रश्न विचारत नाही. ती भक्तीची रीत आहे. तिच्या जागी ती योग्यच आहे.

पण सोयाबीनचे पुस्तक, बाळंतपणाचे पुस्तक, शेळ्यांच्या रोगाचे पुस्तक, जमिनीच्या कायद्याचे पुस्तक, ही पुस्तके वेगळी. त्यांचे पारायण करून काही हाती लागत नाही. असे पुस्तक म्हणजे आपल्या ओसरीवर आलेला जाणता पाहुणा. त्याला आपण पाणी देतो, बसवतो आणि मग विचारतो, "पाव्हणं, तुमच्याकडं हे कसं करतात? का करतात? आमच्या रानात चालंल का?" त्याचे पटले तर घेतो. नाही पटले तर पुन्हा विचारतो. माहितीच्या पुस्तकाशी असेच बोलायचे असते. ही सवय कशी लावायची, ते एकेक करून सांगतो.

आधी प्रश्न, मग पुस्तक

पुस्तक उघडण्यापूर्वी मनाशी विचारा, "मला यातून काय पाहिजे?" प्रश्न स्वतःच्या कामातला असावा. मिरगाचा पाऊस तोंडावर आला आहे. घरचेच सोयाबीन बी म्हणून ठेवले आहे. ते उगवेल का? एकरी किती टाकू? हा झाला प्रश्न.

आता पुस्तक उघडा. पहिल्या पानापासून सुरू करायची गरज नाही. पुस्तकाच्या सुरुवातीला एक यादी असते. तिला अनुक्रमणिका म्हणतात. कोणता विषय कोणत्या पानावर, हे तिथे लिहिलेले असते. बाजारात गेल्यावर आपण सगळ्या दुकानांत शिरत नाही. मीठ पाहिजे तर किराण्याच्या दुकानात जातो. अनुक्रमणिका तसे दुकान दाखवते. "बियाणे" हा शब्द शोधा. त्यापुढचा आकडा पाहा. ते पान काढा. बाकीचे पुस्तक पळून जात नाही. फवारणीचे पान फवारणीच्या वेळी वाचा.

प्रश्न घेऊन वाचणाऱ्याला झोप येत नाही. प्रश्नाशिवाय वाचणाऱ्याचे डोळे ओळीवरून फिरतात आणि मन मात्र गोठ्यात असते.

कोणी लिहिले? कधी लिहिले?

अनोळखी माणूस दारात आला की आपण विचारतो, "कुठल्या गावचे? कुणाचे?" पुस्तकालाही हेच विचारा. पहिल्या एकदोन पानांवर लिहिणाऱ्याचे नाव, छापणाऱ्या संस्थेचे नाव आणि साल असते. कृषी विद्यापीठाने काढलेली पुस्तिका आणि औषध विकणाऱ्या कंपनीने फुकट वाटलेला कागद यांत फरक आहे. कंपनीचा कागद खोटाच असतो असे नाही. पण त्याला माल विकायचा आहे, हे ध्यानात ठेवून वाचा.

साल तर जरूर पाहा. एक उदाहरण देतो. शेतीच्या जुन्या पुस्तकांत किडीसाठी एंडोसल्फान फवारावे असे लिहिलेले सापडते. ते लिहिले तेव्हा ते औषध चालू होते. पुढे माणसांवर त्याचे वाईट परिणाम झाल्याच्या तक्रारी आल्या. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर देशभर बंदी घातली. पुस्तक खोटे नव्हते, पण ते जुने झाले. पोथी जुनी झाली तरी चालते. औषधाचे पुस्तक जुने झाले की चालत नाही.

मोबाईलवर आलेल्या मजकुराला तर हे दोन प्रश्न दहा वेळा विचारा. ज्या मजकुराखाली नाव नाही आणि साल नाही, तो वाऱ्यावर आलेला कागद समजा.

बारीक शब्द, मोठे काम

माहितीचे पुस्तक सावकाश वाचायचे. गोष्टीत एखादा शब्द सुटला तरी गोष्ट कळते. इथे एक शब्द सुटला तर नुकसान होते.

सोयाबीनच्या पुस्तिकेत लिहिलेले असते, "हेक्टरी ७५ किलो बियाणे वापरावे." हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. म्हणजे एकरी ३० किलो झाले. घाईत कुणी "एकरी ७५" असे वाचले, तर अडीच पट बी जाईल. पैसे जातील आणि पीकही दाटेल. म्हणून आकडा दिसला की त्याच्या मागचा आणि पुढचा शब्द वाचल्याशिवाय पुढे सरकू नका. आकडा हा बैल आहे आणि माप ही त्याची वेसण आहे. वेसण हाती नसेल तर बैल कुठेही जाईल.

दुसरे उदाहरण घरातले घ्या. लेकराला जुलाब लागले तर अंगातले पाणी कमी होते. जलसंजीवनीची पुडी जवळ नसली तर घरी पाणी कसे करायचे, हे आरोग्याच्या पुस्तकात दिलेले असते. एक लिटर स्वच्छ पाणी. त्यात साखर सहा चमचे आणि मीठ अर्धा चमचा. चमचा चहाचा आणि सपाट. यातला "सपाट" हा शब्द पाहा. किती बारीक आहे! पण शिगोशीग चमचा घेतला तर मीठ जास्त होते, आणि जास्त मीठ लेकराला अपाय करते. साखरेचा आकडा मिठाला आणि मिठाचा साखरेला लागला, तर औषधाचे विष होईल. मावशीबाईंनो, हे पान दोनदा वाचा, तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचा. आणि लेकरू मलूल पडले, पाणी पीत नसेल, तर पुस्तक मिटून सरळ दवाखाना गाठा.

तिसरे उदाहरण "आधी" आणि "नंतर" या शब्दांचे. पेरणीपूर्वी बियाण्याला औषध चोळतात. त्याला बीजप्रक्रिया म्हणतात. पुस्तक सांगते, बुरशीचे औषध आधी लावा आणि जिवाणूंचे खत नंतर लावा. हा क्रम उगाच दिलेला नाही. जिवाणू जिवंत असतात. ते बियाण्याला शेवटी लावायचे असतात.

म्हणून आम्ही म्हणतो, हाती एक शिसपेन्सिल ठेवा. पुस्तक आपले असेल तर आधी, नंतर, फक्त, सपाट, पर्यंत, नको, अशा शब्दांखाली बारीक रेघ ओढा. पुस्तक वाचनालयाचे असेल तर त्यावर रेघ ओढू नका. वहीत उतरवून घ्या.

पुस्तकातले माप आपल्या हातात आणायलाही शिका. "बी तीन ते चार सेंटिमीटर खोल पेरावे," असे पुस्तक म्हणते. शाळेतल्या लेकराची पट्टी घ्या. तिच्यावर आपली बोटे आडवी ठेवा. साधारण दोन बोटे भरतील. आता हे माप तुमच्या तिफणीजवळ पोचले. जे माप हातात आले नाही, ते वाचूनही वाचल्यासारखे होत नाही.

खूण आणि चित्रही वाचा

वाचायचे असते ते फक्त पुस्तकातच नसते. कीडनाशकाच्या डब्यावरही माहिती असते, आणि डब्याबरोबर घडी घातलेला एक कागद येतो. तो कागद पुष्कळदा पंपाशेजारी बांधावरच उडून जातो.

डब्यावर एक चौकोन असतो. तो टोकावर उभा केलेला असतो. त्याचे दोन भाग असतात. खालच्या भागाला रंग असतो. लाल म्हणजे अतिशय जहाल विष. तिथे कवटीचे चित्रही असते. पिवळा म्हणजे जहाल. निळा म्हणजे मध्यम. हिरवा म्हणजे त्याहून सौम्य. पण हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. घडीच्या कागदावर औषध पाण्यात किती टाकायचे, विषबाधेची लक्षणे कोणती, त्यावर उतारा काय, हे लिहिलेले असते. फवारणीनंतर किती दिवस माल तोडायचा नाही, हेही तिथेच असते.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो लोकांना विषबाधा झाली. वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कपाशी डोक्याएवढी वाढली होती. औषधे एकमेकांत मिसळली जात होती. अंगावर हातमोजे नाहीत, तोंडावर नीट फडके नाही. ती माणसे वाचत नव्हती म्हणून मेली, असे आम्ही म्हणणार नाही. विकणाऱ्यांनी सांगायला पाहिजे होते, साधने मिळायला पाहिजे होती. पण आता तुम्हाला वाचता येते. जे कुणी सांगितले नाही, ते तुम्ही स्वतः कागदावर पाहू शकता. मजुराला पंप देण्याआधी त्याला तो कागद वाचून दाखवू शकता. अक्षराचा याहून मोठा उपयोग कोणता?

"म्हणतात" आणि "मोजले"

पुस्तकात सगळी वाक्ये एका वजनाची नसतात. काही वाक्ये मोजून लिहिलेली असतात. काही ऐकून लिहिलेली असतात. दोन्ही वाचावीत, पण वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवावीत.

आपल्या शेजारचा नळदुर्ग घ्या. किल्ल्याच्या पुस्तकात वाचाल की नळ राजावरून हे नाव पडले असे म्हणतात. त्याच पुस्तकात वाचाल की बोरी नदीवरचा बांध आणि त्यातला पाणीमहाल आदिलशाहीत बांधला. पहिल्या वाक्यात "असे म्हणतात" आहे. ती लोकांनी जपलेली कथा आहे, गोड आहे, जरूर सांगा. दुसरे वाक्य इतिहास लिहिणाऱ्यांनी कागदपत्रे आणि बांधकाम पाहून लिहिले आहे. पहिले वाक्य कथेच्या टोपलीत, दुसरे इतिहासाच्या टोपलीत.

आणि प्रत्येक सांगण्याला विचारा, "का?" आपल्या भागाने ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिली आहे. किल्लारीचा भूकंप झाला. उमरगा, लोहारा, औसा भागांत गावेच्या गावे बसली. हजारो माणसे झोपेतच गेली. पुढे घरबांधणीची पुस्तके निघाली. त्यांत लिहिलेले असते की भिंतीत ठरावीक उंचीवर आडवे पट्टे घाला आणि भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसवा. नुसते एवढे वाचले तर माणूस म्हणतो, "खर्च कशाला? आमच्या आजानं कुठं घातले होते?" पण "का" वाचले तर उलगडते. दगडमातीच्या जाड भिंतींत आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंतलेले नव्हते. हादरा बसताच ते फाकले, आणि वरचे माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. पट्टा आणि आरपार दगड भिंतीला बांधून धरतात. ज्याला कारण कळले, तो घर बांधताना गवंड्याजवळ उभा राहून हे करून घेतो.

भूकंपाचे पुस्तक आणखी एक सांगते. भूकंप अमुक तारखेला अमुक वाजता होईल, असे आज कोणत्याही शास्त्राला सांगता येत नाही. हे एक वाक्य नीट वाचलेला माणूस गावात असला, तर अफवा उठली तरी लेकराबाळांना थंडीत बाहेर निजावे लागत नाही.

थोडक्यात करून पाहा

पुस्तकाचे ऐकायचे, पण एकदम सगळे रान त्याच्या हवाली करायचे नाही. आधी लहान करून पाहायचे.

बियाण्याचा आपला प्रश्न अजून राहिला आहे. पुस्तक म्हणते, उगवण तपासा. घरच्या बियाण्यातून न निवडता शंभर दाणे मोजून घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडा. वरून दुसरे ओले गोणपाट टाका. गुंडाळी करून सावलीत ठेवा. पाणी शिंपडून ओल टिकवा. सहासात दिवसांनी उघडा आणि चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो पुरे. साठच उगवले तर एकरी ३५ किलो टाकावे लागेल. हिशेब सोपा आहे. तीस गुणिले सत्तर, म्हणजे २१००. त्याला साठाने भागले की ३५. फारच कमी उगवले, तर ते बी पेरायच्या कामाचे नाही. ते विका आणि चांगले आणा.

यात खर्च काही नाही. एक गोणपाट आणि शंभर दाणे. पण दुबार पेरणीची पाळी टळू शकते. दुबार पेरणी म्हणजे काय, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. पुस्तक खरे की खोटे, याचा निकालही तुमच्या ओसरीवरच लागला. त्याची नोंद वहीत करा. कोणत्या साली किती उगवले, किती पेरले, किती पिकले. चार वर्षांनी ती वही हेच तुमच्या रानाचे पुस्तक होईल.

चौघांनी मिळून वाचा

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली "शेतकऱ्याचा असूड" हे पुस्तक लिहिले. शेतकरी कर्जात का बुडतो, त्याला कोण नाडतो, शेती कशी सुधारेल, हे त्यात आहे. ते ज्यांच्यासाठी लिहिले, त्यांतल्या बहुतेकांना तेव्हा वाचता येत नव्हते. म्हणून जोतीराव थांबले नाहीत. पुणे, मुंबई, जुन्नर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी पुस्तकाचे भाग लोकांना स्वतः वाचून दाखवले.

ही रीत आजही चालवण्यासारखी आहे. पारावर, देवळाच्या ओट्यावर, बचत गटाच्या बैठकीत एकाने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. दहा ओळी झाल्या की थांबावे. ऐकणाऱ्यांपैकी एकाने ते आपल्या शब्दांत सांगावे. "म्हंजी काय म्हणतंय त्ये?" असे कुणी विचारले तर हसू नये. आपल्या शब्दांत सांगता आले, तर समजले. नाही आले, तर पुन्हा वाचावे. म्हातारी माणसे सांगतील, "आमच्या काळ्या रानात असं होत नाही." तेही वहीत लिहा. पुस्तकाला अनुभवाची जोड मिळते आणि अनुभवाला पुस्तकाची. मग जो अडला त्याने कृषी सहायकाला किंवा आशाताईंना विचारावे. पुस्तक वाचून विचारलेला प्रश्न नेमका असतो, आणि नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर मिळते.

पुस्तके कुठून आणायची? महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्या कायद्याखाली खेडोपाडीही वाचनालये निघाली. शाळेतही पेटीभर पुस्तके असतात. सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळ भिलार गाव आहे. स्ट्रॉबेरी पिकवणारे गाव. २०१७ साली ते पुस्तकांचे गाव झाले. लोकांनी आपल्या घरांत, ओसऱ्यांवर पुस्तकांना जागा दिली. कुणीही यावे, बसावे, वाचावे. आपल्याला सगळे गाव नाही करता आले तरी एक फळी करता येईल. एका ओसरीवर एक फळी आणि तिच्यावर दहा पुस्तके.

रोज एक पान

शेवटची गोष्ट. अक्षर हे विहिरीच्या पाण्यासारखे आहे. उपसत राहिले तर झरे मोकळे राहतात. उपसा थांबला की गाळ साचतो. शिकून सोडून दिलेले वाचन दोनतीन वर्षांत विसरते. म्हणून रोज वाचा. फार नको, एक पान पुरे. पण वेळ ठरवा. जेवणानंतर, किंवा गुरांना वैरण टाकल्यावर. अवघड शब्द आला तर तिथेच अडून बसू नका. तो वहीत लिहा, पुढचे वाक्य वाचा. पुष्कळदा पुढचे वाक्यच त्याचा अर्थ सांगते. नाही सांगितला, तर सकाळी शाळेत जाणाऱ्या नातीला विचारा. लेकराला विचारण्यात कमीपणा नाही. आजी विचारते आहे हे पाहून नातही वाचू लागते.

पुस्तक पूर्ण झाले नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. तुमचा प्रश्न सुटला ना? मग त्या दिवसापुरते ते पुस्तक पूर्ण झाले.

जाता जाता सगळे एकदा उजळून घेऊ. प्रश्न घेऊन बसा. कोणी आणि कधी लिहिले ते पाहा. आकडा, माप आणि बारीक शब्द बोट ठेवून वाचा. खुणा पाहा. "का" विचारा. लहान करून पाहा. वहीत लिहा. चौघांत बोला.

आणि आज घरी गेल्यावर एवढे करा. घरातला औषधाचा डबा असो, बियाण्याची पिशवी असो, की लेकराच्या औषधाची बाटली असो, एक काहीही घ्या आणि त्यावरचे सगळे वाचा. त्यातला न कळलेला एक शब्द उद्या वर्गात घेऊन या. उद्याचा धडा आपण त्या शब्दांपासून सुरू करू.